ज्याच्या त्याच्या घरी एक

परण्या मारुतीच्या देवळातून मांडवाकडं माघारी निघाला आणि दाजींच्या क्लॅरनेटमधून सुराऐवजी नुसती हवा आली. फुस्स. मी त्यांच्या मागंच साइड ड्रम वाजवत होतो. मला हसूच आलं.

"दाजी, पंक्चर झालं का काय?" मी ओरडलो.

मेव्हण्याला एवढा हक्क असतोच. सुखदेव मास्तर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे नवरे आणि आमच्या बँडचे मालक. एरवी मी असं काही बोललो की ते चालता चालता मागं वळायचे आणि माझ्या सात पिढ्या उद्धरायचे. त्या दिवशी वळले, माझ्याकडं नुसतं बघितलं आणि पुन्हा क्लॅरनेट तोंडाला लावलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नसराई होती, दिवसाला दोन-दोन लग्नं होती. फुंकून फुंकून वाजवणाऱ्यांचे ओठ बधिर व्हायचेच. मग थोडा वेळ दुसऱ्यानं चाल उचलायची, मास्तरनं गरम चहाचा घोट तोंडात घोळवायचा, की गडी पुन्हा तयार. आमच्याकडं नवरदेव लग्नाआधी घोड्यावर बसून मारुतीला जाऊन येतो, त्याला परण्या म्हणतात. नवरदेव घोड्यावर असेपर्यंत वाजप थांबवायचं नाही, थांबलं तर अपशकुन. म्हणून बिगुलवाल्यानं लगेच चाल उचलली आणि एकानं चहा आणायला कुणाला तरी पिटाळलं. आम्ही सगळं रीतसर केलं.

दाजींनी चहाचा घोट घेतला, तो उजव्या कोपऱ्यातून कोटावर सांडला.

पुढं नाचणारी नवरदेवाची दोस्तकंपनी खिदळली. "मास्तर टाइट! मास्तर टाइट!" दाजी आयुष्यात कधी दारूला शिवले नव्हते. त्यांनीही पोरांकडं बघून हसायचा प्रयत्न केला. हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. दुसरी बाजू तशीच लोंबत राहिली, आणि त्यांच्या हातातून क्लॅरनेट गळून रस्त्यावर पडलं.

ते क्लॅरनेट अक्कालासुद्धा पुसायची परवानगी नव्हती. ते पडलं, आणि दाजी ते उचलायला वाकले नाहीत. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले, जसं काही तो हात दुसऱ्या कुणाचा होता. मी ड्रमचा पट्टा मानेतून काढला, ड्रम तिथंच टाकला आणि धावलो. बँड पुढं वाजत गेला, घोडाही पुढं गेला. मी दाजींना काखेत धरून देवळाच्या पारावर आणून बसवलं.

"काय होतंय, दाजी?"

"ब… ब… ब…"

"अगं आई गं, वारं गेलं की मास्तरच्या अंगावरनं!" गर्दीतली एक म्हातारी किंचाळली.

पक्षाघाताला आमच्याकडं असंच म्हणतात. अंगावरून वारं गेलं. ते शब्द कानावर पडताच परण्यातली निम्मी माणसं पाराभोवती गोळा झाली. ही माणसं वाईट नव्हती हे मी आधीच सांगून ठेवतो. कुणी पदरानं वारा घालत होतं, कुणी दाजींचे बूट काढले, कुणी लाल कोटाची सोनेरी बटणं सोडली. आणि सगळी एकदम बोलत होती.

"माज्या चुलत्याला असंच झालतं. कबुतराचं रगात चोळलं, आठ दिसांत हात हलाय लागला."

"कबुतर ऱ्हाऊ द्या. आमच्या आईला झालतं तवा जुनं तूप चोळलं."

"सासऱ्याला खिलारेवस्तीला औशिदाला न्हेलतं आमी. आज शेळ्या राखत्यात."

"आमचा भाऊ तर चाळिशीतला. त्यालाबी खिलारेवस्तीच."

मी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडं बघत होतो. ज्याच्या त्याच्या घरी एक होता. कुणाचा सासरा, कुणाची आई, कुणाचा दीर, कुणाची जाऊ. तोपर्यंत मला वाटायचं की वारं जाणं म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी नशिबात लिहिलेली गोष्ट. त्या पारावर कळलं की या मुलखात तो घरटी आजार आहे. मग एवढी माणसं एरवी दिसत कशी नाहीत? दिसणार कुठून! ती आतल्या खोलीत खाटेवर असतात. लग्नाकार्याला त्यांना कोण आणतंय?

"बाजूला व्हा! बाजूला व्हा जरा!"

गर्दी सारत एक बाई पुढं आली. नवरदेवाची मावशी, शालन. सरकारी दवाखान्यात नर्स होती, सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. डोक्यात गजरा, अंगावर मानाची साडी. ती दाजींच्या समोर गुडघ्यावर बसली.

"मास्तर, दोन्ही हात वर करा. असे."

डावा वर गेला. उजवा मांडीवर तसाच पडून राहिला.

"बीपीची गोळी चालू आहे का यांना?"

ती चालू नव्हती. वर्षापूर्वी शाळेतल्या शिबिरात कुणीतरी हाताला पट्टा बांधून बीपी आहे म्हणून सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. दाजींनी त्या आठवडाभर घेतल्या आणि सोडल्या. गोळी घेतली की फुंक कमी पडते, असं त्यांचं म्हणणं. बँडात ते सगळ्यांनी मानलं. फुंकीतलं दाजींपेक्षा जास्त कुणाला कळणार?

"सोडल्या व्हत्या," मी म्हणालो.

सिस्टरनं माझं मनगट घट्ट धरलं. "दादा, माझं ऐका. सरळ सोलापूरला न्या. मोठ्या दवाखान्यात. मध्ये कुठं थांबू नका. आणि तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नको."

"न्हेतो," मी म्हणालो. मला एकदम बरं वाटलं. कुणीतरी ठरवून सांगणारं भेटलं होतं.

तेवढ्यात मघाचीच म्हातारी बोलली. "शालन, तुज्या बापाला कुठं न्हेलतं गं?"

सिस्टर थांबली. "तिथंच."

"मग?"

"गेले ते. पण मावशी, आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी—"

'पण'च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. गर्दीतून एक लांबलचक 'हां' उमटला. म्हातारीनं माझ्याकडं बघून मान हलवली, कळलं का आता, अशी. सिस्टर खोटं बोलली असती तरी चाललं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलंय.

नवरदेवाचे चुलते ज्ञानू सरगर धावत आले. त्यांच्या घरचं लग्न होतं, दुपारच्या अक्षता पडायच्या होत्या, तरी त्यांनी स्वतःची जीप काढून दिली. नवरा-नवरीला आणण्यासाठी ती झेंडूच्या माळांनी सजवलेली होती. माळा काढायलाही कुणी थांबलं नाही. दाजींना मागच्या सीटवर माझ्या मांडीवर आडवं केलं आणि ड्रायव्हर बापूनं गाडी सोडली.

"मास्तर बरं झालं की मला सांगावा धाडा," सरगर खिडकीतून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

वाटेत मी अक्काला फोन केला. आमचं घर फाट्यावरच. तिथून उजवीकडचा रस्ता सोलापूरला जातो आणि डावीकडचा, कच्चा, खिलारेवस्तीला. गाडी फाट्यावर आली तेव्हा अक्का रस्त्यातच उभी होती. हातात पिशवी, पिशवीत दाजींची दोन धोतरं आणि एक नारळ. नारळ लोक वस्तीवर औषधासाठीच न्यायचे.

अक्का गाडीत चढली. दाजींचं तोंड बघून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, मग तो काढून त्याच पदरानं त्यांची लाळ पुसली. "अवो," ती म्हणाली. "अवो, बघा की माज्याकडं." दाजी बघत होते. नजर अगदी शाबूत होती. त्यामुळंच सगळं जास्त कठीण झालं.

"बापू, डावीकडं घे," अक्का म्हणाली.

"अक्का, सोलापूरला जायचंय. सिस्टरनं सांगितलंय."

"कोण शिस्टर?"

"सरगराच्या लग्नातली. नर्स हाय."

"तिच्या घरचं कोन बरं झालं तिथं जाऊन?"

मी गप्प बसलो. खरं सांगितलं असतं तर सगळंच संपलं असतं. पण गप्प बसल्यानंही संपलंच.

"रंग्या, मोठ्या दवाखान्यात न्हेलेला एक तरी माणूस सांग, जो चालत माघारी आला. एक नाव सांग. आत्ता. मी आत्ता सोलापूरला येते."

मी आठवायला लागलो. खरंच आठवायला लागलो. पोस्टमनचे वडील. गेले. खालच्या आळीतली सुताराची बायको. तिलाही सोलापूरहून गाडीतून आणली होती, पांढऱ्या चादरीत. आमच्याकडं दवाखान्यात नेतात ते सगळं करून झाल्यावर, अगदी शेवटी. तिथून परत काय येणार? हे मला आज कळतंय. तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्याकडं एकही नाव नाही.

"हाय का? न्हाई ना? आता वस्तीला न्हेलेली मी सांगते. गेनबा लोहार. शेळकेची थोरली सून. किसनाची आई. हातपाय हलवत्यात, जेवत्यात, बसत्यात."

"अक्का, गं, तिला शिकवलेलं असतंय—"

"माझा नवरा हाय त्यो!"

बापू आरशातून आमच्याकडं बघत होता. दाजींनी डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर आपटला, एकदा, दोनदा, जोरात. "ब… ब…" तिला समजाव म्हणत होते, का तिचं ऐक म्हणत होते? अक्का त्यांच्याकडं बघून म्हणाली, "बघ, त्येबी तेच म्हणत्यात." बापूनं डावीकडं घेतली.

खिलारेवस्तीवर जत्रा असावी तशा गाड्या होत्या. टेम्पो, रिक्षा, दोन जीपा, एक बैलगाडीसुद्धा. लिंबाखाली तरट टाकलेली आणि त्यावर माणसं ओळीनं पडलेली. कुणाचं तोंड उजवीकडं, कुणाचं डावीकडं. माझ्या वयाची एक बाई होती, तिच्या कडेला तिचं तान्हं रडत होतं आणि तिला त्याला उचलता येत नव्हतं. तिची सासू बाळाला थोपटत होती आणि सुनेकडं बघत रडत होती. पाराभोवती ज्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तसलीच माणसं इथं भेटली. सगळे नंबर लावून बसले होते. आम्हीही लावला.

औषध देणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणायचे. सत्तरीचा, शांत, स्वच्छ माणूस. पैसे घेत नव्हता, फक्त नारळ. भोंदू असता तर मी त्याची गचांडी धरली असती. पण तो दाजींच्या जवळ बसला आणि पोटच्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्यानं हात फिरवला. "घाबरू नगंस, बाबा. आमच्या आज्यापासनं द्येतोय आमी."

उजव्या अंगाला त्यानं काळपट तेल चोळलं. मग वाटीत काढा आणला.

"मामा, तोंडात काय देऊ नका म्हणून सांगितलंय," मी म्हणालो.

"मग औशीद कुठनं द्यायचं, लेकरा?" तो हसून म्हणाला. आजूबाजूची माणसंही हसली. अक्कानं दाजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यानं काढा ओतला. निम्मा बाहेर आला. निम्मा आत गेला, पण कुठं गेला कोण जाणे, दाजींना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. खोकून खोकून चेहरा काळानिळा पडला. मग ते शांत झाले आणि छातीतून हळूहळू घरघर ऐकू यायला लागली.

"लागू पडलं," मामा म्हणाला. "आता एकच पथ्य. दिस मावळंपातूर वाहतं पाणी वलांडायचं न्हाई. वलांडलं तर औशीद उतरतंय."

सोलापूरच्या वाटेवर नदी आहे.

मी अक्काला लिंबामागं घेऊन गेलो. हात जोडले. "अक्का, औशीद दिलं. झालं तुझ्या मनासारखं. आता चल. छाती वाजतीया त्यांची."

"औशीद उतरलं म्हंजी?"

"काय उतरत न्हाई!"

"तुला काय ठाव?" ती म्हणाली. तिचा आवाज तापलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. मला काय माहीत होतं? मी ड्रम वाजवणारा माणूस. एका बाईनं पारावर दोन वाक्यं सांगितली, तेवढंच माझं ज्ञान. आणि इथं शंभर माणसं बसली होती.

आम्ही दिवस मावळायची वाट बघत बसलो. मी ऊन सरकताना बघत होतो आणि दाजी माझ्याकडं बघत होते. एवढा असहाय मी आयुष्यात कधी झालो नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. गाडी होती, डिझेल होतं, रस्ता होता, सगळं हाताशी होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्र झाली होती. डॉक्टर तरुण होता, डोळे तारवटलेले. त्यानं दाजींच्या हाताचा वास घेतला आणि खाली मान घालून विचारलं, "औषध पाजलं?"

"व्हय," अक्का म्हणाली.

"ते छातीत गेलंय. न्यूमोनिया होणार." त्यानं डोक्याचा फोटो काढायला सांगितला, सुया लावल्या, ऑक्सिजन लावला. फोटो आल्यावर मला बाहेर बोलावलं. "मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पहिल्या चार-साडेचार तासांत द्यावं लागतं. दिलं म्हणून बरा होईलच असं नाही. पण निदान देता तरी आलं असतं."

अक्का मागं कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

"आमी उशीर केला का, सायेब?"

डॉक्टरनं वॉर्डाच्या दारातून आत बघितलं. खाटा भरल्या होत्या, दोन खाटांच्या मध्ये खाली गाद्या टाकल्या होत्या, त्याही भरल्या होत्या. "आम्हाला शिकवलं तेव्हा हा म्हातारपणाचा आजार म्हणून शिकवला," तो म्हणाला. "माझ्या या वॉर्डात पन्नाशीच्या आतले किती आहेत बघा. आणि ताई, इथं वेळेत कुणीच येत नाही. तुम्ही एकट्या नाही."

ते त्यानं तिला धीर द्यायला म्हटलं असावं. अक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं कपाळ बडवून घेतलं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्याशेजारी बसलो आणि दोघं पोरांसारखे रडलो.

दाजी वाचले. महिनाभर दवाखाना, मग घर. वर्षभरात पाय थोडा सुधारला. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं तेवढं सुधारतं, व्यायाम करत राहा. काठी घेऊन, पाय ओढत ते चालायला लागले. हात नाही आला. वाचा नाही आली. सगळं कळायचं, सगळं आठवायचं, पण तोंडातून नुसता 'ब… ब…' निघायचा. बँड मोडला. मी आता रिक्षा चालवतो.

अक्का बदलली. कुणाला वारं गेल्याचं कानावर आलं की हातातली भाकरी टाकून पळायची. "सोलापूरला न्या गं बायांनो, तिकडं जाऊ नका." लोक मान हलवायचे.

मग एका उन्हाळ्यात भरदुपारी आमच्या दारात टेम्पो थांबला. मी तेव्हा अक्काकडंच होतो. टेम्पोत चटईवर एक बाई पडली होती, पस्तिशीची असेल, तोंड वाकडं. शेजारी तिची म्हातारी आई. नवरा पुढून उतरला.

"खिलारेवस्तीला हाच रस्ता का?"

अक्का धावली. "दादा, तिकडं जाऊ नगा. पाया पडते. सरळ सोलापूरला जावा. इंजिक्शन असतंय. कधी झालं हे?"

"आत्ताच. चुलीम्होरं बसली व्हती."

"मग वेळ हाय! दादा, वेळ हाय!" मीही सांगितलं, सगळं सांगितलं, गाठ, इंजेक्शन, चार तास. त्या माणसाचं तोंड उजळलं. खरंच उजळलं. तो ड्रायव्हरकडं वळला. "सोलापूर म्हणत्यात रं. घे उजवीकडं."

ओट्यावरच्या खाटेवर दाजी बसले होते. टेम्पो आल्यापासून ते अस्वस्थ झाले होते. मघापासून 'ब… ब…' चाललं होतं. आता त्यांनी काठी घेतली आणि उठले. पाय ओढत, घामाघूम होत ते रस्त्यापर्यंत आले. टेम्पोच्या पत्र्यावर काठी आपटली आणि काठीनंच उजवीकडचा रस्ता दाखवला, पुन्हा पुन्हा. त्यांचं तोंड रडवेलं झालं होतं. माणूस आणखी किती सांगू शकतो?

टेम्पोतली म्हातारी त्यांच्याकडं टक लावून बघत होती. तोंडाकडं, लोंबत्या हाताकडं, पायाकडं.

"ह्यास्नीबी वारं गेलतं का?"

"व्हय," मी म्हणालो.

"कुठं न्हेलतं?"

मी अक्काकडं बघितलं. अक्कानं माझ्याकडं. खोटं बोलायला तेवढा एकच क्षण होता.

"खिलारेवस्तीला," अक्का म्हणाली. "पण आजी—"

"आन् चालत्यात!" म्हातारी टेम्पोतून खाली उतरली. तिनं वाकून दाजींच्या पायावर डोकं ठेवलं, दोन्ही हात त्यांच्या पायावरून फिरवले आणि आपल्या डोळ्यांना लावले. "चालत्यात की गं माय! स्वतःच्या पायानं चालत आले!"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं, मग दाजींच्या पायांकडं. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं डावीकडं बोट केलं.

मी टेम्पोमागं पळालो. फार पळालो नसेन, धुळीत काही दिसेनासं झालं. माघारी आलो तर दाजी रस्त्यातच उभे होते, काठी सोलापूरच्या बाजूला उचलून, तशीच. अक्का जवळ गेली आणि तिनं त्यांचा हात धरून हळूच खाली घेतला.